नाण्यावरचं कणीस : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

शेती, अन्नधान्य आणि शेतकरी हे विषय असलेल्या स्मृतिनाण्यांबद्दल गेल्या अंकात विचारणा केली होती. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि आमच्या नाणेअभ्यासकांनी दिलेली उत्तरं इथे देत आहोत.

आजीच्या डब्यात १९७३चं ५० पैशांचं नाणं सापडलं. त्यावर कणसं आहेत आणि 'ग्रो मोअर फूड' असं लिहिलंय. हे नाणं नेमकं कशाचं? आणि त्याची किंमत किती येईल?
– एक वाचक, बार्शी

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं, म्हणजे एफएओनं, १९६८मध्ये सभासद देशांसाठी नाण्यांचा उपक्रम सुरू केला. भूक, शेती आणि अन्न हे विषय रोज हातात येणाऱ्या पैशावर छापायचे, ही त्यामागची कल्पना. भारत त्यात १९७०मध्ये 'सर्वांसाठी अन्न' या विषयावरच्या २० पैसे आणि १० रुपयांच्या नाण्यांनी सामील झाला. तुमच्याकडचं 'अधिक अन्न पिकवा' हे १९७३चं. त्याच विषयावर त्या वर्षी १० आणि २० रुपयांची चांदीमिश्रित नाणीही निघाली. ५० पैशांचं नाणं मात्र बाजारात फिरण्यासाठीच पाडलेलं होतं.

महाराष्ट्राला ही तारीख वेगळी आठवते. १९७२चा दुष्काळ संपला नव्हता. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळत होती आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. नाणं देशभरासाठी निघालेलं, दुष्काळासाठी काढलेलं नव्हतं. पण सोलापूर-बीडकडच्या बाईच्या डब्यात ते जपून ठेवलेलं सापडतं, तेव्हा त्या दोन ओळी तिनं कोणत्या दिवसांत वाचल्या असतील हे लक्षात घ्यावंसं वाटतं. आजी हयात असतील तर नाणं कुठून आलं ते विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. विकायच्या वेळी त्या चिठ्ठीला भाव नसतो. संग्रहात मात्र तीच सगळ्यात मोलाची.

आता नाणं तपासा. धातू तांबं-निकेल, वजन ५ ग्रॅम, व्यास २४ मिलिमीटर. वापरून झिजलेलं असेल तर वजन थोडं कमी भरतं. लोहचुंबकाला ते चिकटता कामा नये. सालाच्या खाली भिंगातून बघा. छोटा चौकटचा आकार दिसला तर मुंबईची टांकसाळ. काहीच खूण नसेल तर कलकत्त्याची. इतर सालांच्या नाण्यांवर पाच टोकांचा तारा दिसला तर हैदराबाद आणि नुसता गोल ठिपका दिसला तर नोएडा. नोएडाची टांकसाळ बरीच नंतरची, त्यामुळे १९७३च्या नाण्यावर ठिपका सापडला तर तो घाणीचा किंवा ठोक्याचा डाग समजा. चौकटच्या जागी इंग्रजी 'बी' अक्षर असेल, तर ते मुंबईनं संग्राहकांसाठी पाडलेलं प्रूफ नाणं आहे आणि ते वेगळं जपायला हवं. (१९९६पासून प्रूफवर 'बी'ऐवजी 'एम' येतं.)

किंमत नाण्याच्या अवस्थेवर ठरते. चलनात फिरलेलं, कणसांचे दाणे सपाट झालेलं नाणं विक्रेत्यांच्या ट्रेमध्ये चहा-वड्याच्या पैशात मिळतं. कणसाचा प्रत्येक दाणा सुटा दिसत असेल, सिंहांच्या आयाळीच्या रेषा शाबूत असतील आणि टांकसाळीतून निघालेली मूळ चमक टिकून असेल, तर भाव कैक पटीनं चढतो. ही चमक ओळखायची युक्ती अशी : दिव्याखाली नाणं हळूच कलतं फिरवा. खरी चमक चाकाच्या आऱ्यांसारखी मध्यबिंदूभोवती फिरते. घासून आणलेली चमक जागची हलत नाही, सगळीकडे सारखी पांढरी दिसते. आणि कृपा करून ते घासू नका. पुढचं उत्तर त्याबद्दलच आहे.

संग्रहातली नाणी प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये ठेवली होती. या पावसाळ्यानंतर १९८७ आणि १९८८च्या एक रुपयांवर हिरवट चिकटा आलाय. चिंचेनं धुऊ का?
– रत्नागिरीचा वाचक

नको. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही नाण्याला लावू नका. चिंचेतलं आम्ल घाणीबरोबर धातूचा वरचा थरही खातं आणि पावडर त्यावर केसासारखे ओरखडे पाडते. देवघरातल्या तांब्याला ते चालतं, कारण तांब्यावर वाचायचं काही नसतं. नाण्यावरचा उठाव एका मिलिमीटरच्या काही अंशांचाच असतो. एकदा गेला की गेला.

तुमच्याकडे झालंय ते पीव्हीसीमुळे. अल्बमचे मऊ, वास येणारे खिसे पीव्हीसीचे असतात आणि ते मऊ राहावेत म्हणून त्यांत तेलकट द्रव्यं घातलेली असतात. कोकणातल्या दमट उष्ण हवेत ती पाझरतात, प्लास्टिकमधून आम्ल सुटतं आणि नाण्यातल्या तांब्याशी मिळून हा हिरवा चिकटा तयार होतो. तुमची दोन्ही नाणी, १९८७चं अल्पभूधारक शेतकऱ्यांवरचं आणि १९८८चं कोरडवाहू शेतीवरचं, तांबं-निकेलची आहेत. त्यात तीन चतुर्थांश तांबंच असतं.

उपाय शुद्ध अॅसिटोनचा. औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश काढायचं द्रव आणू नका, त्यात रंग, सुगंध आणि तेल असतं. काचेची छोटी वाटी घ्या, प्लास्टिकची विरघळेल. खिडकी उघडी ठेवा आणि गॅस, उदबत्ती, निरांजन काहीही जवळ पेटलेलं नसू द्या, कारण अॅसिटोनची वाफ भडकते. नाणं बुडेल इतकं ओता आणि वाटीवर काचेची बशी झाका. दहा मिनिटांनी नाणं उलटवा, आणखी दहा मिनिटं ठेवा. मग ते ओतून टाकून नव्या अॅसिटोनमध्ये एकदा बुडवून काढा. हा दुसरा बुडका लोक गाळतात. पहिल्यात विरघळलेली घाण मग सुकताना पुन्हा नाण्यावरच बसते आणि धुरकट पापुद्रा राहतो. बाहेर काढताना कडेनं धरा, पुसू नका, टिपकागदावर उभं-आडवं टेकवून आपोआप सुकू द्या. अर्ध्या मिनिटात सुकतं.

चिकटा जाऊनही खाली बारीक खड्डे दिसले, तर ते धातूच खाल्ला गेल्याचे आहेत. त्यावर इलाज नाही. फक्त नुकसान थांबलं एवढं समाधान.

नंतर ती नाणी पुन्हा त्याच अल्बममध्ये घालू नका. दोन पर्याय आहेत. एक, मायलर या पातळ पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी. स्वस्त पडतात, पण स्टेपलची टोकं पकडीनं चपटी करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर चरा उठतो. दुसरा, कडक पारदर्शक कॅप्सूल, व्यासाच्या मापाची. २६ मिलिमीटरच्या रुपयाला २७ची कॅप्सूल घेतली तर नाणं आत खुळखुळतं आणि कड घासते, त्यामुळे माप मोजूनच घ्या. सगळं एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणाऱ्या पुड्या घ्या. त्यांचा रंग पालटला की त्या मंद आचेवर किंवा कडक उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात. मे अखेरीस एकदा आणि श्रावणात एकदा डबा उघडून बघायचा नेम ठेवा, पण धो धो पाऊस लागलेल्या दिवशी उघडू नका. आत कोंडलेली हवाच ओली असेल तर पुड्यांचा उपयोग नाही.

'सोन्याचं मिश्रण असलेलं' म्हणून एकानं मला १९७०च्या सुमाराचं कमळाचं पिवळं २० पैशांचं नाणं विकलं. खरंच सोनं असतं का?
– वाचक, अमरावती

नाही. ती पितळी छटेची तांब्याची मिश्रधातू आहे, सोन्याचा अंशही नाही. अफवा मात्र पन्नास वर्षं जुनी आहे. नाणं ठेवून द्या. त्यातलंच 'सर्वांसाठी अन्न' असं लिहिलेलं मिळालं तर शेतीच्या संग्रहाची सुरुवात त्यापासून करता येते.

एफएओच्या पंचाहत्तरीचं ७५ रुपयांचं नाणं एका विक्रेत्याकडून घेतलं. प्रमाणपत्र नव्हतं. चांदी खरी आहे का, हे सराफाकडे न घासता घरी कसं तपासावं?
– वाचक, पुणे

आधी एक शंका दूर करू. ७५ रुपयांची नाणी एकापेक्षा जास्त विषयांवर निघाली आहेत. २०२३मधलं नव्या संसद भवनाचंही ७५चंच. तुम्ही म्हणता ते नाणं १६ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे जागतिक अन्नदिनी, पंतप्रधानांच्या हस्ते प्रकाशित झालं. त्याच कार्यक्रमात आठ पिकांचे सतरा जैवसमृद्ध, म्हणजे पोषणमूल्य वाढवलेले, वाण देशाला अर्पण झाले. तेव्हा नाण्यावर एफएओचं बोधचिन्ह आहे ना, हे पहिल्यांदा बघा. त्या चिन्हात गव्हाची ओंबी असते आणि 'फिआत पानिस' असे लॅटिन शब्द. अर्थ, 'भाकर मिळो'.

या नाण्याचा व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम. धातू चौघांच्या मिश्रणाचा : ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम, निम्मीच. विक्रेता 'पस्तीस ग्रॅम चांदी' म्हणून भाव लावत असेल तर तिथेच थांबवा.

घासायची गरज नाही. पाण्यात तोलून घनता काढता येते. त्यासाठी एक शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा हवा, २०० ग्रॅमपर्यंतचा.

नाणं कोरडं तोला. समजा ३५.०० आलं. मग काट्यावर हलका प्लास्टिकचा पेला ठेवून त्यात अर्ध्याहून थोडं जास्त पाणी घाला आणि काटा शून्यावर आणा. पातळ नायलॉनच्या दोऱ्याचा सरकफास नाण्याच्या कडेवर बसवा. नाणं हातानं टांगून पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा, पण पेल्याच्या तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काट्यावर आता जो आकडा येईल, तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला त्यानं भागा.

निम्म्या चांदीच्या या मिश्रणाची घनता साधारण ९.५३ येते. म्हणजे ३५ ग्रॅमच्या नाण्याला पाण्यातला आकडा ३.६७च्या आसपास हवा. तेच नाणं चांदीचं पाणी दिलेल्या तांबं-निकेलचं असेल तर ३.९१ येईल, पितळेचं असेल तर ४.१०च्या पुढे. फरक पाव ग्रॅमचाच आहे, म्हणून काटा शतांशाचा लागतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे कळणार नाही.

चुका कुठे होतात? नाण्याला बुडबुडे चिकटले की आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं ठरतं. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत ते हमखास बसतात, तेव्हा नाणं पाण्यात दोन-तीनदा हळूच हलवून ते सोडवा. पंखा चालू असेल तर आकडा स्थिर राहत नाही. जाड सुती दोरा पाणी पितो. नाणं तळाला टेकलं तर आकडा एकदम तीसेक ग्रॅमपर्यंत उडी मारतो. ती चूक लगेच लक्षात येते. तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा. झाल्यावर ऊर्ध्वपातित पाण्यानं विसळून टिपकागदावर सुकवा.

हीच रीत जुन्या नाण्यांनाही लागू. १९७०चं १० रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. त्याला १.४८ यायला हवं. तांबं-निकेल असतं तर १.६८ आलं असतं. १९७३चं २० रुपयांचं नाणं ३० ग्रॅमचं, निम्म्या चांदीचं. तिथे ३.१५च्या जवळपास बघा. मात्र १९७४पासून १० रुपयांच्या नाण्यात चांदी राहिली नाही. त्या वर्षीचं 'नियोजित कुटुंब, सर्वांना अन्न' हे दहाचं नाणं तांबं-निकेलचं आहे आणि ते 'चांदीचं' म्हणून सर्रास विकलं जातं. चांदी त्याच विषयाच्या ५० रुपयांच्या नाण्यात आहे.

एक अट. प्रूफ नाणं, म्हणजे आरशासारखी पाठ आणि दुधी उठाव असलेलं, टांकसाळीच्या बंद कॅप्सूलमध्ये असेल तर ते उघडून पाण्यात बुडवू नका. त्या आरशावर पाण्याचा एक थेंब वाळला तरी डाग राहतो आणि बोटाचा ठसा काही महिन्यांत तपकिरी होऊन कायमचा बसतो. असं नाणं घ्यायचं तर पेटी, माहितीपत्रक आणि खरेदीची पावती यांच्यासकटच घ्या.

अशी नाणी थेट टांकसाळीतून कशी मागवायची?
– वाचक, ठाणे

मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळी 'सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन' या सरकारी कंपनीखाली येतात. स्मृतिनाण्यांची नोंदणी तिच्या संकेतस्थळावर ठरावीक मुदतीसाठी उघडते. पैसे आगाऊ भरायचे, नाणं टपालानं येतं आणि यायला कधी काही महिने जातात. प्रकाशन समारंभाच्या दिवशी नोंदणी उघडलेली नसते, म्हणून त्या आठवड्यात बाहेर चढ्या भावानं घेण्याची घाई करू नका. ७ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीचं नाणं प्रकाशित झालं. अशा प्रत्येक वेळी हेच घडतं : आधी बाजार तापतो, टांकसाळीचा पुरवठा आला की निवतो.

पेटीवर 'प्रूफ' आणि 'यूएनसी' असे दोन प्रकार दिसतील. प्रूफ चकचकीत केलेल्या ठशानं एकाहून अधिक दाब देऊन पाडतात. यूएनसी म्हणजे न वापरलेलं साधं नाणं. नातवंडांच्या हातात द्यायचं असेल तर यूएनसी घ्या. पेटी येईल त्या दिवशीच उघडून बघा, डाग किंवा चरा असेल तर पेटीसकट फोटो काढून लगेच कळवा. अलीकडच्या काही १०० रुपयांच्या नाण्यांत शुद्ध चांदी, ४० ग्रॅम, वापरली आहे आणि आधीच्यांत निम्मी. त्यामुळे मागवण्यापूर्वी धातूची ओळ वाचा, दर्शनी मूल्यावरून अंदाज बांधू नका.

१ जुलैच्या कृषिदिनासाठी शाळेत 'नाण्यांतली शेती' असं प्रदर्शन लावायचंय. पैसे कमी आहेत. काय काय ठेवता येईल?
– एक शिक्षिका, नाशिक जिल्हा

कल्पना फार चांगली आहे आणि खर्चही थोडा. चांदीची नाणी सोडून द्या. प्रजासत्ताकाच्या पहिल्या मालिकेपासून सुरू करा. १९५०च्या रुपया, अर्धा आणि पाव रुपया यांवर गव्हाच्या ओंब्या आहेत. दोन आणे, एक आणा आणि अर्ध्या आण्यावर बैल. मुलांना दोन आण्याचा गोलसर कोपऱ्यांचा चौकोन आणि एक आण्याची झालरीसारखी कड हातानं चाचपायला फार आवडते. त्यासाठी एक झिजलेला संच वेगळा ठेवा, चांगला संच काचेत. रुपयाचे सोळा आणे, आणि १ एप्रिल १९५७पासून शंभर पैसे, हे त्या कार्डावरच लिहा.

त्यानंतर १९७०चे २० पैसे, १९७३चे ५० पैसे, १९८७ आणि १९८८चे एक रुपये. कोरडवाहू शेतीच्या रुपयाला मधली जागा द्या. महाराष्ट्राची बहुतेक शेती पावसावरच आहे आणि मुलं त्याच घरांतून येतात. त्याखाली शेजारच्या शेतातली ज्वारीची किंवा बाजरीची दोन खरी कणसं लावा. पुढे १९९४चे 'पाणी हेच जीवन' या विषयावरचे दोन रुपये (कोपरे मोजायला सांगा, अकरा आहेत), १९९५चे एफएओच्या पन्नाशीचे पाच रुपये आणि १९९६चे आंतरराष्ट्रीय पीकविज्ञान परिषदेचे पाच रुपये. सारी मिळून तेरा नाणी, एका ए-थ्री पुठ्ठ्यावर मावतात.

प्रत्येक नाणं दोनदा मिळालं तर छापा आणि काटा शेजारी-शेजारी लावता येतो. एकच असेल तर विषयाची बाजू वर ठेवा आणि सिंहांच्या बाजूचा मोठा फोटो खाली चिकटवा. नाण्याला डिंक, सेलोटेप, दुहेरी चिकटपट्टी लावू नका. चौकटीला लावा. पाठीमागे लोकरी कापड किंवा फेल्ट वापरायचा मोह होतो, पण त्यातल्या गंधकानं धातू काळा पडतो. रबर बँडचंही तेच. पांढरं सुती कापड बरं. आणि प्रदर्शन खिडकीच्या थेट उन्हात नको.

बघायला जायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. सहलीला त्र्यंबकेश्वरला जाता त्याच रस्त्यावर.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथल्या राज्याच्या क्वार्टरवर, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यावर, गाय, चीज आणि मक्याचं कणीस आहे. त्यात 'जास्तीचं पान' असलेली नाणी असतात म्हणे. ओळखायची कशी?
– वाचक, मॅडिसन

एखाद्या प्रदेशानं आपली शेती नाण्यावर मांडावी ती कशी, याचा हा सुरेख नमुना आहे. अमेरिकेच्या पन्नास राज्यांच्या मालिकेत २००४मध्ये हे नाणं निघालं. दूधदुभत्याच्या राज्यानं गाईचं डोकं, चीजची चकती, मक्याचं कणीस आणि 'फॉरवर्ड' हे ब्रीद एवढ्यावर आपली ओळख सांगितली.

जास्तीचं पान फक्त डेन्व्हर टांकसाळीच्या नाण्यांत आहे, तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या बाजूला 'डी' अक्षर नसेल तर पुढे बघूच नका. असेल तर मक्याच्या कणसाची डावी बाजू दहा पट भिंगाखाली धरा. नेहमीच्या नाण्यात तिथे चीजकडे झुकलेलं एक पान आहे. त्याच्या खाली आणखी एक रेघ उठावात दिसली तर ते जास्तीचं. दोन प्रकार आहेत. 'वरचं पान' चढून कणसाच्या वेष्टनापर्यंत जातं, 'खालचं पान' कमानीसारखं वाकून चीजला टेकतं. रेघ उठावात असली पाहिजे, हे महत्त्वाचं. खोलगट असेल तर तो नंतर बसलेला चरा आहे आणि असल्या चऱ्यांची नाणी 'पानवाली' म्हणून खपवली जातात. हे दोष २००४च्या अखेरीस ॲरिझोनातल्या टूसॉनच्या परिसरात लक्षात आले. ते अपघातानं झाले की टांकसाळीत कोणी मुद्दाम ठशावर खूण केली, यावर आजही वाद आहे.

एक सवय इथे उलटी करावी लागेल. भारताचं नाणं डावीकडून उजवीकडे फिरवलं की मागची बाजू सुलटी येते. अमेरिकेचं वरून खाली फिरवावं लागतं. हे माहीत नसल्यानं काही जण प्रत्येक क्वार्टर 'ठसा फिरलेलं दुर्मीळ नाणं' समजून बाजूला काढतात.

ट्रॅक्टरच्या चित्राच्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये देतो, असा फोन आला. आधी नोंदणीचे पैसे मागतात. भरू का?
– वाचक, परभणी

भरू नका. ही फसवणूक आहे आणि ती तुमच्यासारख्या, घरात जुनं काही जपून ठेवणाऱ्या माणसांनाच हेरते. पहिल्यांदा नोंदणी फी, मग जीएसटी, मग 'रिझर्व्ह बँकेचं कमिशन', असे पैसे उकळत जातात. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्क घेत नाही, असं बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं आहे. ट्रॅक्टरची पाचची नोट वर्षानुवर्षं अमाप छापली गेली. क्रमांकात काही खास जुळणी नसेल तर तिची किंमत पाच रुपयेच. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करा. पहिल्या काही तासांत खातं गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

बैलाचं चित्र असलेल्या जुन्या आण्याचं पदक करून घ्यायचंय. आणि चांदीची नाणी वितळवली तर चालतील का?
– वाचक, सांगली

२०११च्या नाणे कायद्यानं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चांदीची स्मृतिनाणी वितळवू नका, व्यवहार म्हणूनही तो तोट्याचा. निम्म्या चांदीतून चांदी वेगळी काढायला गाळणावळ लागते आणि घट येते ती वेगळी. आण्याला भोक पाडलंत तर तो संग्रहाच्या दृष्टीनं संपला. भोक न पाडता कडेनं धरणारी चांदीची गोल चौकट सोनाराकडून करून घ्या, डाख नाण्याला न लावता चौकटीला लावायला सांगा. नाणं हवं तेव्हा काढता येतं.

शेजारच्या शेतात नांगरताना नाण्यांचं गाडगं निघालं. गावात वाटून घ्यायचं चाललंय. कायदा काय सांगतो?
– वाचक, जालना जिल्हा

वाटू नका आणि वाटू देऊ नका. १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. तलाठ्याला तोंडी सांगून भागत नाही. तहसील कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या आणि ऐवज कोषागारात जमा करा. लपवलं तर सापडवणाऱ्याचा हक्क जातो आणि वर शिक्षा होते. कळवलं आणि जुना मालक पुढे आला नाही, तर सापडवणारा आणि जमिनीचा मालक यांचा वाटा कायद्यानं ठरलेला आहे. त्यांच्यात वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश. सरकारनं ऐवज ठेवून घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त धरून पैसे मिळतात.

तोवर एक काम मात्र आजच करा. गाडग्याचे तुकडे टाकू नका, चिकटलेली नाणी सुटी करू नका, माती धुऊ नका. नाणी एकावर एक कशी बसली आहेत, गाडगं कोणत्या थरात होतं, यावरून ते कधी पुरलं हे कळतं. जागेवर काठी रोवून खूण करा, मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. फोटोत मापासाठी एक पट्टी किंवा आजचा एक रुपया शेजारी ठेवा. गाडगं मातीसकट कोरड्या पोत्यावर ठेवून झाका आणि अर्ज द्यायला जाताना ते फोटो सोबत न्या.